अंगठ्याएवढी जागा

मिरजेच्या धातुसाक्ष प्रयोगशाळेच्या दारावर एक पाटी होती : ‘नमुन्यावर विश्वास ठेवा, आणणाऱ्यावर ठेवू नका.’ पाटी सरकारी नव्हती. प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. यदुनाथ कशाळीकर यांनी ती स्वतः रंगवून घेतली होती, आणि तिच्यावर कुणी हरकतही घेतली नव्हती. धातू बोलायला लागल्यापासून माणसाच्या शब्दाला तशीही कवडीची किंमत उरली नव्हती. कुठं अपघात झाला की पोलीस साक्षीदार शोधत नसत, तुकडा शोधत. चोरीच्या खटल्यात कुलूप जबानी देई, घटस्फोटाच्या खटल्यात स्वयंपाकघरातली पातेली. शहाणी माणसं रागाच्या भरात कपाटावर हातसुद्धा आपटत नसत. न जाणो, उद्या ते कपाटच उलटायचं.

अंजना मगदूम त्या पाटीखाली उभी राहिली, पाटी तिनं दोनदा वाचली आणि आत येऊन म्हणाली, “बरोबर लिवलंय. पण वाचणाऱ्यावर विश्वास ठेवायचा का न्हाई, ते लिवलं न्हाई.”

कशाळीकरांनी चष्म्यावरून पाहिलं. बाई पस्तिशीच्या आतली, कोनवडीहून आलेली, हातात कोर्टाचा कागद. त्यांना असल्या बायकांची सवय होती, आणि असल्या पुरुषांचीही. प्रत्येकाला वाटे की प्रयोगशाळा विकली गेली आहे. उलट कशाळीकरांना वाटे की अर्जदारच काहीतरी शिजवून आणतो. गेल्याच वर्षी एका गृहस्थानं पुरावा म्हणून आणलेला तुकडा आदल्या दिवशी घरच्या गॅसवर भाजला होता, आणि तेही त्या तुकड्यानंच सांगितलं होतं.

“अर्ज तुमचा?” त्यांनी विचारलं.

“माझा. तानाजी मगदूमची बायको मी.”

कोनवडीचं नाव अकरा महिन्यांपूर्वी सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. तिथं उष्माकेंद्र होतं. म्हणजे असं की, सूर्याच्या उष्णतेनं मीठ वितळवून ते एका मोठ्या पिंपात साठवायचं, आणि त्या तापलेल्या मिठावर रात्रंदिवस वीज करायची. पिंपातलं मीठ सातशे अंशांवर पाण्यासारखं वाहतं. साधं पोलाद ते मीठ फार दिवस सोसत नाही, म्हणून पिंप निकेलच्या मिश्रधातूचं. हे पिंप गेल्या फाल्गुनात एका दुपारी उकललं आणि चार माणसं गेली. त्यातला एक तानाजी. पाळी त्याची होती, झडप त्याच्या हातात होती. मापकं जळून गेली. मग चौकशी समितीनं एका ओळीत निकाल लावला : चालकानं मीठ मर्यादेबाहेर तापवलं. मेलेला माणूस काय उत्तर देणार?

“माझ्या पोरीला शाळेत भट्टीफोड्याची पोर म्हणत्यात,” अंजना म्हणाली. “बाकीच्या तिघांच्या घरची माणसं मला बघून दार लावून घेत्यात. मला दुसरं काय नको. त्यानं तापवलं न्हाई, एवढं कागदावर पायजे.”

“त्यानं तापवलं असेल तर?”

“तर तेबी लिवा. पण वाचताना मी समोर बसणार.”

आणि ती खरंच बसली. पिंपाचे चार तुकडे कोर्टाच्या मोहोरबंद ट्रकमधून आले, प्रयोगशाळेच्या मागच्या छपरीत लोखंडी चौकटीवर पुन्हा उभे केले गेले, आणि बाईनं कोर्टाच्या मोहरेवर स्वतःचा काळा दोरा बांधला. गाठ अशी मारली की सोडली तर तिलाच कळावं. दुपारी भाकरीही तिथंच खायची. चहा दिला तर आधी कशाळीकर पितात का ते बघायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे खरं. पण ही बाई तर पाणीही फुंकत होती.

पहिल्या दिवशी त्यांनी घटक तपासले. अंजनाची खात्री होती की कंपनीनं भेसळ केली असणार. खरं सांगायचं तर कशाळीकरांनाही तसंच वाटत होतं. कंपनी म्हटली की कुठंतरी पाणी मुरतंच. पण आकडे चोख निघाले. शंभर भागांत एकाहत्तर निकेल, सोळा मॉलिब्डेनम, सात क्रोमियम, लोखंड जेमतेम पाच, आणि उरलेल्या भागात कर्ब, मँगनीज वगैरे चिमूटभर.

“हे एवढं सगळं कशाला मिसळायचं?” तिनं विचारलं.

“निकेल मूळचं चिवट आणि मिठाला दाद न देणारं. पण एकटं सातशे अंशांवर हळूहळू ढिलं पडतं, ताणलं जातं. मॉलिब्डेनमचे अणू आकारानं मोठे. ते मधेमधे अडकून बसतात आणि निकेलच्या थरांना सरकू देत नाहीत. क्रोमियम बाहेरच्या हवेपासून राखतं. फार घातलं तर मात्र ते मिठात विरघळायला लागतं, म्हणून सातच.”

“आणि ओतलेलं होतं का ठोकलेलं?”

कशाळीकरांना हा प्रश्न आवडला. “ठोकलेलं. आम्ही घडीव म्हणतो. नुसता साच्यात ओतलेला धातू आतून ओबडधोबड असतो. घडीव धातू म्हणजे ओतलेला ठोकळा लाल करून घणाखाली घालायचा, दाबायचा, पुन्हा तापवायचा. कणीक जितकी मळावी तितकी पोळी न फाटता लाटता येते ना, तसंच.”

“तो घण आमच्या गावचाच. तानाजी आधी तिथंच होता कामाला.”

“ठाऊक आहे. कागदात आहे.” कशाळीकर कागदात नसलेलं काही मानतच नसत.

मग सुरू झालं कणवाचन. सगळं युग ज्यावर उभं होतं ती ही गोष्ट ऐकायला सोपी आहे. कुठलाही धातू बारीक कणांचा बनलेला असतो, आणि दोन कणांच्या मधे एक सीमा असते, शेतांच्या बांधासारखी. धातू तापला की अणू हलतात आणि या कणसीमांवर जाऊन बसतात. किती तापला, किती वेळ तापला, त्यावर कोण कुठं आणि किती बसलं ते ठरतं. घणाचा घाव बसला की कण चेपतो. चाकानं घासलं की वरचे कण एका बाजूला कलतात. हे काहीच पुसलं जात नाही, फक्त एकावर एक साठत जातं. पूर्वीच्या लोकांना त्यातलं ढोबळ तेवढं वाचता येई. कशाळीकरांच्या यंत्राला अणू न् अणू वाचता येई, आणि धातूची सगळी हकीकत पहिल्या भट्टीपासून ओळीनं लावता येई. त्यालाच कणवाचन म्हणत. या वाचनाला कायद्याची एकच अट होती : वाचायचं तर सगळं. अर्धं वाचन कोर्टात चालत नसे. अर्जदाराला अर्ज मागे घ्यायचा असेल तर सही करण्याच्या आधी घेता येई, आणि मग वाचलेलं सगळं नष्ट केलं जाई.

तिसऱ्या दिवशी सकाळी कशाळीकर पडद्यावरून मागे सरले. “सहा वर्षांत हे पिंप सातशे चार अंशांच्या वर एकदाही गेलेलं नाही. तुमच्या नवऱ्यानं मीठ जादा तापवलं नाही. ते काम त्यानं अगदी चोख केलं.”

अंजनानं पदर तोंडाला लावला आणि ती रडली. अकरा महिन्यांत कुणासमोर रडली नव्हती, ती या संशयी म्हाताऱ्यासमोर रडली. तिला इतकं हलकं वाटलं की उठून त्यांच्या पाया पडावं. मग नाक पुसून तिनं ताबडतोब विचारलं, “कागद कधी देता?”

“संपलेलं नाही अजून. मग फुटलं कशानं?”

“ते कंपनी बघंल.”

“कंपनी नाही, मी बघणार. सगळं वाचायचं असतं, बाई.”

ते चौथ्या दिवशी सापडलं. भेग सुरू झाली होती त्या ठिकाणी कणसीमांत शिसं शिरलेलं होतं, आणि शिशाबरोबर गंधक. बाकीच्या पिंपात आतवर कुठंही या दोन्हींचा मागमूस नव्हता. जागा एवढीशी, लांबट गोल, अंगठा टेकवावा तेवढी.

“निकेलचं सगळं चांगलं, पण गंधकापुढं ते हात टेकतं,” कशाळीकर सांगत होते. “शिशाचंही तेच. थंड असताना काही होत नाही. पण घडून झाल्यावर हे पिंप शेवटच्या भट्टीत पावणेबाराशे अंशांपर्यंत तापवलेलं आहे. तेव्हा पृष्ठभागावर शिसं-गंधक असेल तर ते कणसीमांतून आत पाझरतं आणि बांधच पोकळ करतं. वरून काही दिसत नाही. पुढं सहा वर्षं तापत-ताणत भेग वाढत गेली. म्हणून निकेलवर भट्टीआधी खडूची रेघसुद्धा मारत नाहीत, तेलकट हात लावत नाहीत. घणकारखान्याच्या नोंदीत भट्टी पेटवल्याची तारीख आहे. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी.”

ते बोलत राहिले आणि मग थांबले, कारण बाईचा रंग उडाला होता. चोराच्या मनात चांदणं, असं त्यांच्या मनात लगेच आलं. सवयच ती.

“डॉक्टर,” अंजना म्हणाली, “तापमानाचं तेवढं लिवता येणार न्हाई का?”

“नाही. का?”

ती पडद्यावरच्या त्या लांबट गोल जागेकडे वाकली.

“तुम्हाला काय माहीत आहे?”

मग ती म्हणाली, “खंडेनवमी होती.”

कोनवडीच्या घणकारखान्यात तीन पिढ्या पोलाद घडलं होतं. घणाशेजारी मारुतीचं देऊळ. खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची, आणि त्या वर्षी जो मोठा माल घडून तयार असेल त्याला कामगारांच्या घरच्या सवाष्णी मारुतीच्या शेंदराचा टिळा लावायच्या. पोलादाला त्यानं कधी काही झालं नव्हतं. त्या वर्षी निकेलचं पिंप पहिल्यांदाच घडलं होतं. ‘हात लावू नये’ अशी पाटी कंपनीनं लावली होती. पण धातू महाग आहे, चोरीची भीती असेल, असं समजून सगळे हसले होते. देवाच्या बोटाला कोण चोर म्हणणार?

“तेलात कालवलेला शेंदूर,” कशाळीकर हळू म्हणाले. “शेंदूर म्हणजे शिसंच. त्यात लाल रंगासाठी हिंगूळ मिसळला असेल तर गंधकही आलं.”

“मी नवी नवरी होते. पयला मान माझा. नऊ जणी होतो आम्ही. पण पयला टिळा माझा.” तिनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. “म्हंजी तानाजीला मी मारलं. त्या तिघांनाबी मीच.”

कशाळीकरांना कुणाला धीर देता येत नसे. धातूशी बोलण्यात आयुष्य गेलं की असं होतं. शेवटी त्यांनी आपलं नेहमीचं केलं. पडद्याकडे वळले आणि पुढं वाचलं.

“थांबा. नऊ जणी म्हणालात ना? पिंपावर आणखी आठ ठिकाणी शेंदराची अगदी पुसट खूण आहे. पण वरचा थर चाकानं घासून काढलाय. भट्टीत जाण्याआधी पिंप घासून लख्ख करायचं असतं. हे काम नोंदवहीत...” त्यांनी कागद उलटले. “तानाजी मगदूम.”

“व्हय. तवा तो घासकामावर होता.”

“आठ टिळे त्यानं घासून काढले. नववा नाही काढला. राहून गेला म्हणावं, तर तसंही नाही. चाक त्या जागेपाशी येतं, उचललं जातं आणि पलीकडं पुन्हा टेकतं. तीनदा. टिळ्याला वळसा घालून घासलंय.”

अंजनाला ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिचा चेहरा बदलला. तिला लाज वाटली आणि सुख वाटलं, आणि त्या सुखाचीही लाज वाटली. “त्यानं कधी एक गोड शब्द बोलून दाखवला न्हाई मला,” ती म्हणाली. “जेवण बरं झालंय, एवढंबी कधी म्हणला न्हाई. नि माझा टिळा राखला व्हय त्यानं?”

“त्यामुळं चौघं गेले, बाई.”

“कळतंय मला ते. आंधळी न्हाई मी.” तिनं डोळे पुसले. “लिवा सगळं. खोटं पाप त्याच्या नावावर होतं, आता खरं राहू दे. त्यात निम्मं माझं. दोघांनी मिळून केलं म्हणून लिवा.”

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण अहवालात एक रकाना होता : खूण कोणाची, कशावरून. आणि कशाळीकर रकाना मोकळा सोडणारे नव्हते. त्यांनी तिला छपरीत नेलं. कारखान्यात जसं होतं तसंच पिंप त्याच उंचीच्या लोखंडी चौकटीवर उभं केलेलं होतं.

“कुठं लावला होता टिळा, दाखवा. हातमोजा घाला.”

अंजना पुढं झाली. बाई पावणेपाच फुटांची. तिनं न चाचपडता अंगठा आपल्या छातीच्या उंचीवर टेकवला. “हितं. ह्या सांध्याच्या डाव्या अंगाला. सासू म्हणली, सांध्यावर नको, बाजूला लाव.”

कशाळीकरांनी हातातल्या पडद्यावर पाहिलं. अंगठ्याखाली बरोबर एक पुसट खूण होती. त्या आठांतली. चाक तिच्यावरून सरळ गेलेलं होतं, जराही न उचलता.

ते काही बोलले नाहीत. पण संशयी माणसाला दुसऱ्याचं गप्प बसणं लगेच कळतं, आणि ही बाई चार दिवस त्यांच्यावर नजर ठेवून होती. तिनं त्यांच्या हातातला पडदा ओढून घेतला आणि स्वतः बघितलं. मग मान वर करून राखलेला टिळा कुठं आहे ते शोधलं. भेगेच्या तोंडाशी, जमिनीपासून साडेसहा फुटांवर. तिनं हात वर केला. टाचा उचलल्या तरी अंगठा वीतभर खालीच राहिला.

“तिथवर हेमाचा हात पोचतो,” ती म्हणाली. “क्रेनवाली. उंच हाय चांगली. एकाच पाळीला होते ती नि तानाजी.” आणि थोड्या वेळानं, “मातीला आली होती. सगळ्यात मागं उभी राहिली. मला वाटलं, कामावरची हाय म्हणून आली असंल.”

छपरीत ऊन होतं, पत्रा तापून कडकड वाजत होता. कशाळीकरांनी तीस वर्षांत धातूच्या विरुद्ध एक अक्षर लिहिलं नव्हतं. या बाईला मी सगळं सांगितलं आणि त्यातून तिचं काय राहिलं, याचा त्यांनी हिशेब केला. ती निर्दोष सुटली होती. तिनं कुणालाही मारलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. आणि तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

“अर्ज मागे घेता येईल अजून,” ते म्हणाले. “सगळं नष्ट करू.”

“मग पोरीला भट्टीफोड्याचीच म्हणतील.”

“हो.”

“आणि कागद कोर्टात गेला तर गावात विचारतील, टिळा कुणाचा राखला.”

“विचारतील.”

तेव्हा कशाळीकरांनी एक प्रश्न विचारला. असा प्रश्न त्यांनी आजवर कुठल्या अर्जदाराला विचारला नव्हता, आणि दुसऱ्या कुणी विचारला असता तर त्याला त्यांनी प्रयोगशाळेतून हाकललं असतं.

“तुम्ही,” ते म्हणाले, “दोन टिळे लावले होते का? पहिला खाली, आणि एक वर, पाटावर उभं राहून?”

अंजनानं त्यांच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याला यात काय मिळायचंय, हे ती आधी शोधत होती. काही सापडलं नाही.

“नवऱ्या मुलीला पाटावर उभं करत्यातच,” ती सावकाश म्हणाली.

“घणकारखान्यात पाट?”

“मारुतीच्या देवळातला.”

“आणि टिळे नऊ, बायका नऊ. तुमचे दोन झाले तर एक बाई कमी पडते.”

“हेमानं लावलाच न्हाई. ती क्रेनवर होती.” हे मात्र तिनं ताबडतोब सांगितलं.

“अंजनाबाई, नीट विचार करा. हे लिहिलं की चार माणसांच्या मरणाला कारण म्हणून तुमचं नाव लागेल. आज ते लागत नाही. त्या तिघांची घरं तुमचं तोंड बघायची नाहीत. मुलीला उद्या वेगळं काहीतरी म्हणतील.”

“म्हणू द्यात. तानाजीनं बायकोचा टिळा राखला, असंबी म्हणतील.”

कशाळीकर आत गेले आणि लिहायला बसले. लाकडाच्या पाटाची धातूत काही नोंद होत नाही, तेव्हा ते वाक्य खोटं पाडायला यंत्राकडे काही नव्हतं. ‘खूण अर्जदार अंजना तानाजी मगदूम यांची; पाटावर उभं राहून लावलेली,’ असं त्यांनी रकान्यात लिहिलं. अंजनानं तो कागद दोनदा वाचला, ‘पाटावर’च्या आधी ‘उंच’ असा शब्द घालायला लावला, आणि मग सही केली.